विश्लेषण : गरीब विद्यार्थ्यांसाठीचा निधी शाळेच्या हाती दिला तर?

इंग्लंडमध्ये सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांना दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत आपल्या संकेतस्थळावर एक हिशेब जाहीर करावा लागतो. गरीब मुलांसाठी किती पैसे मिळाले, ते कशावर खर्च करणार आणि मागच्या वर्षीच्या खर्चातून काय साधले, हे त्यात असते. हा हिशेब ‘प्युपिल प्रीमियम’ या निधीचा. आपल्याकडे घेण्यासारखे काही असेल, तर ते या सक्तीत आहे.

प्युपिल प्रीमियम म्हणजे काय?

एप्रिल २०११ मध्ये कॅमेरून-क्लेग यांच्या आघाडी सरकारने ही योजना सुरू केली. गेल्या सहा वर्षांत कधीही मोफत शालेय जेवणास पात्र ठरलेल्या विद्यार्थ्यामागे शाळेला नेहमीच्या अनुदानाव्यतिरिक्त जादा रक्कम मिळते. २०२५-२६ साठी माध्यमिक शाळेत ती दरडोई १,०७५ पौंड, म्हणजे सुमारे सव्वा लाख रुपये आहे. हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत अशी अडीचशे मुले असतील, तर शाळेच्या हाती वर्षाला २ लाख ६८ हजार ७५० पौंड येतात. यासाठी मुलाला परीक्षा द्यावी लागत नाही, गुणांचीही अट नाही.

शाळा हे पैसे कशावर खर्च करतात?

सरकारने त्यासाठी तीन गट ठरवून दिले आहेत. पहिला चांगल्या अध्यापनाचा : शिक्षकांचे प्रशिक्षण आणि चांगले शिक्षक टिकवणे. दुसरा नेमक्या शैक्षणिक मदतीचा : वाचनात वा गणितात मागे असलेल्या मुलांना लहान गटांत शिकवणे. तिसरा शिकण्याआड येणाऱ्या अडचणींचा : गैरहजेरीचा पाठपुरावा, सकाळची न्याहारी, समुपदेशन, सहलीचा खर्च. अकरा वर्षांचे मूल माध्यमिक शाळेत येते तेव्हा त्याला पाठ्यपुस्तक नीट वाचता येत नसेल, तर विज्ञान आणि इतिहासही त्याच्या हातून निसटतात. म्हणून अनेक शाळा आधी वाचनाची पातळी तपासतात आणि मग मदत ठरवतात. कोणता उपाय किती उपयोगी, याचे पुरावे ‘एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन’ ही २०११ मध्येच स्थापन झालेली संस्था शाळांना पुरवते.

यातून दरी मिटली का?

नाही. २०२४ च्या जीसीएसई परीक्षेत इंग्रजी आणि गणित या दोन्ही विषयांत पाचवी किंवा त्यावरची श्रेणी मिळवणारे वंचित विद्यार्थी जेमतेम एक चतुर्थांश होते. इतरांमध्ये हेच प्रमाण निम्म्याहून अधिक होते. एक कारण पैशांच्या ओढाताणीचे. सटन ट्रस्टच्या २०२४ च्या पाहणीत जवळपास निम्म्या शाळाप्रमुखांनी हा निधी अंदाजपत्रकातील भोके बुजवण्यासाठी वापरल्याचे सांगितले. दुसरे कारण पात्रतेचे. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ घेणाऱ्या कुटुंबासाठी ७,४०० पौंड वार्षिक कमाईची मर्यादा २०१८ पासून जागची हललेली नाही. महागाई वाढली, तशी गरजू असूनही यादीबाहेर राहणारी मुले वाढली. तरीही शाळांनी पैसा कुठे वापरला, यावर तिथे वाद घालता येतो, कारण हिशेब समोर असतो.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत आहे. शालेय पोषण आहारही तिथेच थांबतो. अभ्यासक्रम अवघड होतो आणि घरून कामाला लागण्याचा रेटा वाढतो, नेमक्या त्या नववीत आधार कमी होतो. एनएमएमएस शिष्यवृत्ती नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये देते, मात्र आठवीत परीक्षा देऊन निवड झालेल्यांनाच. ती रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाते. यात गळती कमी होते आणि घराला हातभार लागतो, हे खरेच. पण आठवीत असूनही धड वाचता न येणारी मुलगी त्या परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही. तिला पैशांइतकीच गरज आहे ती रोज तासभर बसवून शिकवणाऱ्या कुणाची तरी. त्यासाठी शाळेकडे निधी नसतो. अनुदानित शाळांची वेतनेतर अनुदानाची रडकथा तर जुनीच आहे.

म्हणून शिष्यवृत्त्या तशाच ठेवून सरकारने माध्यमिक शाळांना गरीब विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार वेगळा निधी द्यावा. तो फक्त मागे पडलेल्यांच्या अध्यापनासाठी आणि हजेरीसाठी असावा. इंग्लंडचा धडा लक्षात घेऊन मूळ अनुदानाची तूट त्यातून भरण्यास मनाई असावी आणि उत्पन्नमर्यादा ठरावीक काळाने वाढवावी. निधी किती आला, किती मुलांना शिकवले, त्यातली किती वाचू लागली, हे शाळेने वर्षातून एकदा पालकसभेत वाचून दाखवावे आणि फलकावर लावावे. मुलांची नावे मात्र त्यात नकोत. गरिबीची जाहिरात होऊ नये.

अशा हिशेबाने दरी लगेच बुजणार नाही. पण आपल्या शाळेत गरिबाच्या मुलासाठी यंदा काय केले, हा प्रश्न पालकाला विचारता येईल आणि शाळेला त्याचे उत्तर द्यावे लागेल. आज हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नववीतून गळालेले मूल कुणाच्याच खाती जमा होत नाही.