साळची होळी

फाल्गुन पौर्णिमेपासून तीन रात्री डिचोलीतल्या साळ गावात गडे उत्सव चालतो. धोतर नेसलेले, उघड्या अंगाचे गडे नाचता नाचता एकदम काळोखात डोंगराकडे धाव घेतात. देवचार त्यांना उजेड दाखवून बोलावतो, काहींना लपवून ठेवतो, अशी श्रद्धा.

एकदा आम्ही पेडण्याहून रात्रीच गेलो. लांब एक उजेड हलला. कसला असेल, माझं इंजिनियरी डोकं लगेच कामाला लागलं. शेजारच्या काकी मात्र परतलेले गडे मोजत होत्या. त्यांचा मुलगा दिसेना.

"आणतात रे बाबा, गडेच शोधून आणतात," म्हणाल्या. पण बसल्या काही नाहीत.

पहाटे त्याला खांद्यावरून आणलं, तेव्हा कुठे त्या खाली टेकल्या. उजेडाचं मी विसरूनच गेलो होतो.