तक्रार ऐकायची कुणी?

अमेरिकेच्या सिनेटमध्ये १६ जुलै २०२५ रोजी सार्वजनिक रेडिओ आणि टीव्हीचे पैसे कापण्याच्या विधेयकावर चर्चा चालू होती. त्याच दिवशी अलास्कातल्या सँड पॉइंट या मासेमारीच्या गावाजवळ समुद्रात ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा निघाला. अशा वेळी किनाऱ्यावरच्या वस्त्यांना सावध करतात ती तिथली छोटी सार्वजनिक रेडिओ केंद्रं. अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी नेमकी हीच गोष्ट पुढे केली. उपयोग झाला नाही. सिनेटने ५१ विरुद्ध ४८ मतांनी आणि प्रतिनिधीगृहाने २१६ विरुद्ध २१३ मतांनी विधेयक मंजूर केलं, २४ जुलैला अध्यक्ष ट्रम्प यांची सही झाली आणि सार्वजनिक प्रसारणासाठी दोन वर्षांकरता आधीच मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर परत गेले.

कारण कुणी लपवलं नव्हतं. ट्रम्प यांनी १ मे रोजी काढलेल्या आदेशाच्या मथळ्यातच ‘पक्षपाती माध्यमं’ असा उल्लेख होता. नॅशनल पब्लिक रेडिओ, म्हणजे एनपीआर, डावीकडे झुकलेला आहे. मग उजव्या विचारांच्या करदात्याने त्याला का पोसायचं, हा त्यांचा सवाल. सवाल गैर नाही. त्या तक्रारीत तथ्य होतं आणि एनपीआरने ती वर्षानुवर्षं कानाआड केली, असं माझं मत आहे. पण तिथल्या संसदेने जे केलं ते चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखं झालं.

हे समजायला तिथली रचना पाहावी लागते. आपल्याकडे सार्वजनिक रेडिओ म्हणजे आकाशवाणी. दिल्लीतून ठरतं, राज्यात ऐकू येतं. तिथे उलट आहे. केंद्रं स्थानिक मालकीची. कुठलं विद्यापीठाचं, कुठलं गावच्या विश्वस्त संस्थेचं, कुठलं आदिवासी जमातीचं. ती एनपीआरचे कार्यक्रम पैसे मोजून घेतात, उरलेला वेळ स्वतःच्या कार्यक्रमांनी भरतात आणि वर्षातून काही वेळा श्रोत्यांपुढे देणगीसाठी हात पसरतात. १९६७ च्या कायद्याने एक महामंडळ स्थापन केलं होतं. सरकारचा पैसा त्याच्यामार्फत केंद्रांना मिळे, म्हणजे राजकारण्यांचा हात थेट वृत्तकक्षापर्यंत पोचू नये. याच कायद्यात वादाच्या विषयांवर वस्तुनिष्ठता आणि समतोल पाळण्याची अटही होती. त्यामुळे पक्षपाताची तक्रार म्हणजे निव्वळ राजकीय आदळआपट, असं म्हणून ती उडवून लावता येत नाही.

या तक्रारीला सगळ्यात मोठा पुरावा मिळाला तो घरातूनच. एनपीआरमध्ये पंचवीस वर्षं काम केलेले ज्येष्ठ संपादक युरी बर्लिनर यांनी एप्रिल २०२४ मध्ये ‘द फ्री प्रेस’मध्ये जाहीर लेख लिहिला. २०११ मध्ये एनपीआरच्या श्रोत्यांपैकी २६ टक्के स्वतःला परंपरावादी म्हणवत, २३ टक्के मध्यममार्गी आणि ३७ टक्के उदारमतवादी. २०२३ पर्यंत परंपरावादी ११ टक्क्यांवर आले आणि उदारमतवादी ६७ टक्क्यांवर गेले. कोविडचा विषाणू प्रयोगशाळेतून सुटला असेल का, जो बायडन यांचे पुत्र हंटर बायडन यांच्या लॅपटॉपमध्ये काय होतं, अशा बातम्या पुरेशा तपासण्याआधीच बाजूला टाकल्या गेल्या, असं बर्लिनर यांचं म्हणणं होतं. वॉशिंग्टनमधल्या संपादकीय जागांवरच्या माणसांची मतदारनोंदणी त्यांनी तपासली. ८७ डेमोक्रॅट सापडले, रिपब्लिकन एकही नाही. परवानगी न घेता बाहेर लिहिल्याबद्दल त्यांना पाच दिवस बिनपगारी घरी बसवलं गेलं आणि १७ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला.

एनपीआरच्या सकाळच्या बातम्यांचे निवेदक स्टीव्ह इन्स्कीप यांनी या आकड्याला हरकत घेतली. आपण वॉशिंग्टनच्या वृत्तकक्षात आहोत आणि आपली नोंदणी कुठल्याच पक्षात नाही, मग या हिशेबात आपण कुठे, असं त्यांनी विचारलं. हरकत रास्त आहे. कोण कुणाला मत देतो यावरून त्याने लिहिलेली बातमी खोटी ठरत नाही. चांगला बातमीदार आपली मतं बाजूला ठेवायला शिकलेला असतो आणि एनपीआरमध्ये तसे बातमीदार खूप आहेत. तरीही ८७ पुढचं ते शून्य मला सोडता येत नाही. पक्षपात खोट्या वाक्यातून क्वचितच येतो. तो येतो न विचारलेल्या प्रश्नातून. सकाळच्या बैठकीत कुठली बातमी घ्यायची हे ठरताना, एखाद्या गोष्टीवर “थांबा, माझ्या गावात लोक हे असं बघत नाहीत” म्हणणारा एकही माणूस टेबलाभोवती नसेल, तर तो प्रश्न त्या दिवशी विचारलाच जात नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऐकणाऱ्याला एक वाक्यसुद्धा चुकीचं सापडत नाही, पण हे आपल्यासाठी नाही, एवढं त्याला बरोबर कळतं. तो खुंटी फिरवतो.

आता विविधतेविषयी. एनपीआरच्या टीकाकारांचं आवडतं म्हणणं असं की विविधतेच्या नादाने हा रेडिओ बिघडला. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर तेव्हाचे प्रमुख जॉन लान्सिंग यांनी विविधता हा आपला ध्रुवतारा असल्याचं जाहीर केलं, तिथून घसरण सुरू झाली, असं बर्लिनर यांच्या लेखातूनही सुचतं. हे मला मान्य नाही. विविधता नसल्याची तक्रार पक्षपाताच्या तक्रारीइतकीच जुनी आहे आणि तितकीच खरी.

सुझन स्टॅमबर्ग यांचं उदाहरण घ्या. १९७२ मध्ये त्या एनपीआरच्या ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’च्या निवेदक झाल्या, राष्ट्रीय पातळीवरच्या रोजच्या संध्याकाळच्या बातम्या सांभाळणारी अमेरिकेतली ती पहिली बाई. तेव्हा काही केंद्रांच्या व्यवस्थापकांनी कुरकुर केली की ही बाई फार ‘न्यूयॉर्कची’ वाटते. या शब्दाआड त्यांच्या ज्यू असण्याकडे बोट होतं. कार्यक्रमप्रमुख बिल सीमरिंग यांनी ही कुरकुर तेव्हा त्यांच्या कानावरही घातली नाही आणि त्यांना माइकपुढे कायम ठेवलं. पुढे २००४ मध्ये टॅव्हिस स्मायली या कृष्णवर्णीय निवेदकाने, एनपीआर आपल्या लोकांपर्यंत पोचायची धडपडच करत नाही म्हणून कार्यक्रम सोडला. २०१५ मध्ये चेंजेराई कुमानयिका या कृष्णवर्णीय अभ्यासकाने लिहिलेला अनुभव मला सगळ्यात बोलका वाटतो. रेडिओसाठी स्वतः लिहिलेला मजकूर वाचताना त्याच्या मनात त्याचा स्वतःचा आवाज उमटत नव्हता, कुणा गोऱ्या निवेदकाचा उमटत होता. सार्वजनिक रेडिओवर कसं बोलायचं असतं, याची घडी त्याच्या डोक्यात इतकी पक्की बसलेली होती. गावचा हेल पुसून बातम्या वाचायला शिकलेल्या आपल्याकडच्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

तेव्हा लान्सिंग यांचं धोरण चुकलं ते विविधता हवी म्हणाले म्हणून नव्हे. ते मोजणीपाशी थांबलं. नोकरीवर कोण आलं, मुलाखत कुणाची घेतली, याच्या नोंदी होऊ लागल्या. ऐकणारे मात्र बदलले नाहीत. बर्लिनर यांनीच दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये एनपीआरच्या बातम्या ऐकणाऱ्यांत कृष्णवर्णीय ६ टक्के होते, आणि देशातल्या प्रौढांत त्यांचं प्रमाण १४.४ टक्के. म्हणजे परंपरावादी श्रोता निघून गेला आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तोही आला नाही. चेहरे वेगवेगळे असले तरी माणसं बरीचशी त्याच शहरांतली, तशाच महाविद्यालयांतून शिकलेली आणि एकमेकांची मतं आधीच ठाऊक असलेली. आयोवातला मक्याचा शेतकरी आणि मेम्फिसमधली कृष्णवर्णीय परिचारिका यांची राजकीय मतं दोन टोकांना असतील, पण या रेडिओबद्दल दोघांची तक्रार एकच आहे: हे लोक आपसात बोलतात, आमच्याशी नाही. दोन्ही बाजूंचे लोक या तक्रारी एकमेकींविरुद्ध वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

आता शिक्षा कुणाला झाली ते पाहा. एनपीआरच्या स्वतःच्या उत्पन्नात सरकारकडून थेट येणारा पैसा जेमतेम एक टक्का. केंद्रांकडून मिळणाऱ्या शुल्काला कात्री लागेल, झळ बसेल, पण वॉशिंग्टनचा तो वृत्तकक्ष चालू राहील. मोठ्या शहरांतली केंद्रंही तगतील, कारण तिथे देणगी देणारे श्रोते आहेत. बेथेलचं काय? पश्चिम अलास्कातलं हे गाव कुस्कोक्विम नदीकाठी आहे. बाहेरून तिथे रस्ता जात नाही. हिवाळ्यात गोठलेली नदी हाच रस्ता, त्यामुळे बर्फ कुठे जाड आणि कुठे फसवा ही माहिती म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. तिथलं केवाययूके हे केंद्र १९७१ पासून इंग्रजीबरोबर युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत बोलतं. त्याचा सुमारे ७० टक्के खर्च सरकारच्या पैशातून चाले. हंटर बायडनच्या लॅपटॉपची बातमी दाबण्यात या केंद्राचा काय हात होता? आणि विविधता म्हणतात ती याहून वेगळी कुठे असते?

साउथ डकोटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक राउंड्स यांना हे कळलं होतं. आदिवासी भागांतल्या दोन डझनांहून अधिक केंद्रांसाठी सुमारे ९४ लाख डॉलरची वेगळी सोय करण्याचं आश्वासन घेऊनच त्यांनी विधेयकाला मत दिलं. एका सिनेटरला दिलेल्या शब्दावर मिळालेली ही एकवेळची मदत. कायद्याने मिळणाऱ्या हक्काच्या पैशाची सर तिला येत नाही. केंद्रांना सरकारी पैसा पोचवणाऱ्या महामंडळाने तर १ ऑगस्टलाच कामकाज गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

मार्च २०२५ मध्ये प्यू या सर्वेक्षण संस्थेने अमेरिकन नागरिकांना विचारलं होतं, तेव्हा २४ टक्के लोक पैसे बंद करा म्हणाले, ४३ टक्के चालू ठेवा म्हणाले आणि ३३ टक्के लोकांचं काही ठरलेलं नव्हतं. एनपीआरने या तेहतीस टक्क्यांकडे जायला हवं होतं. कार्यालयं बेथेलसारख्या गावांत उघडायला हवी होती, बर्लिनर यांना घरी बसवण्याऐवजी त्यांच्याशी जाहीर चर्चा करायला हवी होती. एनपीआरमध्ये २००० सालापासून श्रोत्यांच्या तक्रारी वाचून स्वतःच्याच संस्थेवर जाहीर टीका लिहिणारा एक स्वतंत्र संपादक असतो. त्याचं ऐकणं वृत्तकक्षाला बंधनकारक नाही, हे खरं. पण निदान तक्रारीला उत्तर मिळतं.

आपल्याकडे तेही नाही. अमेरिकेत रेडिओ एका पक्षाकडे झुकलाय अशी तक्रार आहे; आपल्या आकाशवाणीबद्दल जो सत्तेवर त्याच्याकडे ती झुकते अशी, आणि ती कुठल्याही एका पक्षाच्या काळातली नाही. आणीबाणीत किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली होती, हे आजही लोक विसरलेले नाहीत. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, त्यामुळे महाराष्ट्रात रेडिओवरची बातमी म्हणजे आकाशवाणीचीच बातमी. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिचं नियंत्रण स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेकडे हवं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. तो देणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते.

प्रसार भारती कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. त्याच्या कलम १३ मध्ये २२ खासदारांची देखरेख समिती आहे आणि कलम १४ मध्ये श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद. दोन्ही कागदावरच राहिल्या. आकाशवाणीच्या बातम्या ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारावं, की कलम १४ ची परिषद कधी नेमणार?