आधी घरचं बघा!

गेल्या रविवारची गोष्ट. शनिवारी रात्रभर रिलीज चालू होतं (समदुःखी समजून घेतील), त्यामुळे दहा वाजता जेमतेम डोळे उघडत होते. तेवढ्यात भाची दारात. ताई इथेच, अंबरनाथ पूर्वेला, आमच्यापासून दोन बिल्डिंग सोडून राहते. भाची सहावीत. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, त्या दिवशी चेहरा एवढासा झालेला.

प्रकरण असं. तिच्या शाळेत २० ऑगस्टला जागतिक डास दिन झाला. १८९७ साली त्या दिवशी सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, म्हणून हा दिवस. सरांनी नुसतं भाषण न ठोकता मुलांना काम दिलं. प्रत्येकाने दहा घरी जाऊन मलेरियाबद्दल सांगायचं. ज्यांना पटेल त्यांनी आफ्रिकेत मच्छरदाण्या वाटणाऱ्या संस्थेला आपापल्या कार्डाने थेट पैसे द्यायचे. शाळेने आणि मुलांनी पैशाला हातही लावायचा नाही. मला तर ही सिस्टिम फारच आवडली.

तर या बाईसाहेब दहा घरी गेल्या. तीन घरांनी ऐकून घेतलं. सात घरांतून जवळजवळ एकच वाक्य मिळालं. "अगं, आफ्रिकेचं काय घेऊन बसलीस? आधी घरचं बघा! ती वालधुनी बघ, ती गटारं बघ, किती डास आहेत!"

मंडळी, या वाक्यावर माझा राग आहे. का, ते सांगतो.

आधी शास्त्र. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स डास. तो चावतो, झोपेचं खोबरं करतो, हत्तीरोगही पसरवू शकतो, पण माणसाला मलेरिया देत नाही. आपल्या शहरांत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा भलताच सोवळ्यातला. त्याला लागतं साठवलेलं स्वच्छ पाणी. गच्चीवरची टाकी, पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेलं पिंप, बांधकामावर साचलेलं पाणी. वालधुनी साफ व्हायलाच हवी, प्रश्नच नाही. पण ती उद्या काचेसारखी झाली तरी मलेरियाचा डास तुमच्या डोक्यावर, गच्चीतच असणार.

आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण गेल्या पावसाळ्यापासून फुटलेलं आहे! जनरल बॉडीत विषय निघाला, खर्चावरून चाळीस मिनिटं भांडण झालं आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. त्या सात घरांतले बरेच जण तिथे होते. मीही होतो, मोबाईलमध्ये डोकं घालून. मग घरचं तरी कुणी बघितलं? "आधी घरचं" म्हटलं की बाहेरचं टळतं, आणि घरचं तर आधीच टळलेलं असतं.

आता गंमत बघा. हाच स्टीफेन्सी, ज्याचं मूळ घर दक्षिण आशिया आणि अरबस्तान, २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूती या चिमुकल्या देशात सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे रुग्ण होते २७. होय, सत्तावीस. २०२० मध्ये ७३ हजारांहून जास्त. २०१६ मध्ये तो इथिओपियात सापडला. आफ्रिकेतला मलेरिया आजवर मुख्यतः खेड्यांचा आजार होता. हा पठ्ठ्या त्याला शहरात आणतोय, आपल्यासारख्याच टाक्या आणि पिंपांतून. डासाला व्हिसा लागत नाही. मग घरचं कुठे संपतं आणि बाहेरचं कुठे सुरू होतं?

तिसरी गोष्ट उपकारांची. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्या डीडीटीचा मोठा वाटा अमेरिकेच्या मदतीतून आला. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. (पुढे ढिलाई झाली आणि १९७६ ला पुन्हा ६४ लाख. तो वेगळा लेख.) तेव्हा तिकडच्या लोकांनी "आधी घरचं बघा" म्हटलं असतं तर? कदाचित आपल्यापैकी काहींचे आजी-आजोबा वाचले नसते, आणि आपण हा वाद घालायला नसतो.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. आफ्रिकाच का, गडचिरोली आहे की! राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं त्या जिल्ह्याने सोसलाय. मग द्या ना तिथे! इथल्या नोंदणीकृत संस्थेला दिलंत तर ८०जीची पावतीही मिळू शकते, परदेशी संस्थेला देऊन ती मिळत नाही. पण त्या सात घरांनी गडचिरोलीला दिलं का? मी विचारलं. नाही.

आणि आकडेही बघा, आपण आकडेवाले लोक. सरकारी नोंदीनुसार २०२३ मध्ये भारतात मलेरियाने ८३ मृत्यू झाले (नोंद कमी होते हे धरूनही). जगात त्याच वर्षी सुमारे ५ लाख ९७ हजार. त्यातले ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथल्या दर चार मृतांपैकी तीन पाच वर्षांखालची पोरं. अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशनसारख्या संस्थेची मच्छरदाणी साधारण दोन डॉलरला पडते, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत. तिच्याखाली दोघं झोपतात. आपण वीकेंडला एका कॉफीवर याहून जास्त उडवतो आणि फोटोही टाकतो.

पुण्याच्या सीरमची मलेरियावरची लस २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने मान्य केली, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर तिरंगे फडकले होते. लस आफ्रिकेतल्या पोरांसाठीच होती की! तेव्हा नाही कुणाला घर आठवलं.

असो. भाचीला मी दहा मच्छरदाण्यांचे पैसे भरून दाखवले. मग आम्ही दोघं गच्चीवर गेलो, टाकीचं माप घेतलं आणि स्टेशनजवळून झाकण आणून बसवलं. पैसे कोण देणार यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे, चालू दे. येत्या रविवारी ती त्या सात घरी पुन्हा जाणार आहे. या वेळी मामा सोबत असेल. कुणी "आधी घरचं बघा" म्हणालंच, तर आधी त्यांना गच्चीवर नेऊन झाकण दाखवू. मग पुन्हा मच्छरदाणीचं विचारू.