चुकलेला सूर आणि थरथरणारी बोटे

मुलांनी एखादे वाद्य शिकावे, ही इच्छा आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत नवी नाही. घरात पियानो ठेवण्याची ऐपत खेड्यातील फार थोड्यांची. परंतु पेटी, व्हायोलिन किंवा गिटार ह्यांपैकी काहीतरी घरात असावे आणि रविवारच्या मिस्साला आपल्या मुलाचा हात उपयोगी पडावा, असे अनेक मातापित्यांना वाटत आले आहे. आज दमणगंगेकाठच्या राखोलीसारख्या गावातही विजेवर चालणारा कीबोर्ड, ज्यास सर्व जण सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात, घरी आणणे अशक्य राहिलेले नाही. त्याच्यावर पियानोचे धडे सुरू होतात, आणि त्या धड्यांबरोबर कित्येक घरांत एक लहानसे दुःखही प्रवेश करते. घरी बिनचूक वाजवणारे मूल शिक्षकांपुढे बसले की त्याची बोटे थरथरू लागतात, तळहातांस घाम सुटतो, तोंडपाठ असलेली ओळ ऐन वेळी हरवते. एक सूर चुकला की त्याच्यामागून दहा चुकतात. असे चार वेळा घडले की मूल म्हणते, ‘मला नाही शिकायचे.’ मग कीबोर्डावर कापड पडते, आणि ते बहुधा पुन्हा निघत नाही. ह्या दुःखाविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे आणि आळसही नव्हे. संकट समोर आले असे मनाने मानले की शरीर आपले काम करू लागते. रक्तात अॅड्रेनालिन नावाचा स्राव मिसळतो, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, आणि त्वचेकडील रक्तपुरवठा आखडून बोटे गार पडतात. धावण्यास किंवा झुंजण्यास शरीराची ही तयारी उत्तम. परंतु पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांवर हळुवार बोट ठेवण्यास तीच आड येते. मुलाला ‘घाबरू नकोस’ असे सांगून त्याची छाती धडधडायची थांबत नाही. त्यापेक्षा धड्यापूर्वी हात कोमट पाण्याने धुणे आणि चारसहा दीर्घ श्वास सावकाश सोडणे अधिक उपयोगी पडते.

ही भीती थोरामोठ्यांनाही सोडीत नाही. व्लादिमीर होरोविट्झ हे गेल्या शतकातील अग्रगण्य पियानोवादकांपैकी एक. 1953 साली त्यांनी जाहीर वादन बंद केले आणि तब्बल बारा वर्षे ते श्रोत्यांपुढे आले नाहीत. अखेर 9 मे 1965 रोजी न्यूयॉर्क येथील कार्नेगी हॉलमध्ये ते पुन्हा वाजवावयास बसले, आणि आरंभीच त्यांचे काही सूर चुकले. सभागृह गच्च भरलेले, सारे कान त्यांच्याकडे लागलेले! तरीही ते थांबले नाहीत. पुढे वाजवीत गेले, आणि ते वादन संगीताच्या इतिहासात अमर झाले. श्रोत्यांनी चुकलेले सूर ऐकले नाहीत असे नव्हे. त्यांनी त्यानंतरचे संगीतही ऐकले.

आता मातापित्यांविषयी. ‘रागावल्याशिवाय मुले शिकत नाहीत’ असे आपल्याकडे पुष्कळांचे मत आहे. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर काही प्रयोग केले. चूक झाली की उंदराला विजेचा झटका बसे. काम सोपे असेल तेव्हा झटका जितका तीव्र, तितके उंदीर लवकर शिकत. परंतु काम अवघड झाले की तीव्र झटक्याने शिकणे मंदावे. तेथे मध्यम झटकाच अधिक उपकारक ठरे. मूल म्हणजे उंदीर नव्हे, हे खरे. तथापि दोन हातांनी दोन निराळ्या ओळी एकाच वेळी वाजवणे हे सोपे काम नव्हे, हेही तितकेच खरे. अशा कामात दरडावणीने बोटे सुधारत नाहीत, ती अधिकच गोठतात.

तर मग चुकीकडे दुर्लक्ष करावे काय? मुळीच नाही. येथेच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. चूक दुरुस्त करण्याची एक वेळ असते आणि चूक मागे टाकून पुढे जाण्याची दुसरी वेळ असते. मुलांची बरीचशी भीती ह्या दोन वेळांची गल्लत झाल्यामुळे उत्पन्न होते, आणि ही गल्लत मुलांपेक्षा आपण वडीलधारी माणसेच अधिक करतो.

आपल्या घरातील संध्याकाळच्या जपमाळेचेच पाहा. धाकटे मूल ‘नमो मरिया’ म्हणताना अडखळते, एखादा शब्द गिळते. म्हणून कोणी माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करीत नाही. बाकीचे पुढला भाग उचलतात आणि प्रार्थना चालू राहते. तो शब्द आई दुसऱ्या दिवशी त्याला जवळ घेऊन नीट शिकवते. शिकवण्याची वेळ निराळी, प्रार्थनेची वेळ निराळी. पियानोच्या बाबतीतही हाच न्याय लागू करावा.

दुरुस्तीच्या वेळी चुकीवर थांबावे, आणि मन लावून थांबावे. जेथे बोट अडते ती दोन मात्रांची जागा तेवढी वेगळी काढावी. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही, आणि तेही इतक्या संथपणे की चुकणे अवघड व्हावे. ती जागा नीट बसली की तिच्या आधीचा आणि नंतरचा तुकडा तिला जोडावा. पुष्कळ मुले चूक झाली की पुन्हा पहिल्या सुरापासून आरंभ करतात. त्यामुळे पहिली ओळ शंभर वेळा वाजते, शेवटची दहाच वेळा; आणि मध्येच घसरल्यास परत उभे राहण्यास त्यांना जागाच राहत नाही. म्हणून कागदावर पेन्सिलीने चार ठिकाणी खूण करावी आणि त्या प्रत्येक खुणेपासून वाजवण्याचा सराव ठेवावा. नदी ओलांडताना मध्ये दगड ठाऊक असले की पाय घसरला तरी माणूस वाहून जात नाही.

पुढे जाण्याची वेळ मात्र अगदी निराळी. आठवड्यातून दोन दिवस, जपमाळ संपल्यावर सर्व कुटुंब बसलेलेच असते. तेव्हा मुलाने एक भक्तिगीत आरंभापासून अखेरपर्यंत एकदाच वाजवावे. नियम एकच: काही झाले तरी थांबायचे नाही. उजव्या हाताचा सूर चुकला तर चुको, डाव्या हाताचा ताल चालू राहिला पाहिजे. घरच्यांसाठीही नियम एकच: मध्ये कोणी बोलायचे नाही, आणि संपल्यावर पहिला शब्द चुकीविषयी काढायचा नाही. अशी सवय झाली की परक्या माणसासमोर बसणे मुलाला तितके परके वाटत नाही.

मारिया जुआंव पिरेश ह्या 1944 साली लिस्बन येथे जन्मलेल्या विख्यात पियानोवादिका. 1990 च्या दशकात अॅमस्टरडॅम येथे श्रोत्यांसमोर वाद्यवृंदाने मोझार्टची एक रचना सुरू केली, आणि बाईंच्या ध्यानात आले की आपण तयारी केली आहे ती मोझार्टच्याच दुसऱ्या रचनेची! त्यांच्या चेहऱ्यावरील व्याकुळता चित्रफितीत आजही पाहावयास मिळते. वाद्यवृंद थांबला नाही. संचालक रिकार्दो शाई ह्यांनी वाद्यवृंद चालू ठेवीतच त्यांना धीर दिला. पियानोची पाळी येईपर्यंत जी थोडी मिनिटे होती तेवढ्यात त्यांनी मन सावरले आणि सारी रचना स्मरणातून वाजवली. ती पूर्वी नीट शिकलेली होती, म्हणून आठवली. आणि शेजारी धीर देणारा माणूस होता, म्हणून आठवू शकली. आमच्या मते ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. लंडनच्या ज्या संगीत मंडळाच्या आठ श्रेणींच्या परीक्षा भारतातही होतात, त्या असोसिएटेड बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत 150 पैकी 100 गुणांना उत्तीर्ण धरतात. परीक्षक सुरांची अचूकता पाहतात, तसेच ताल, नादाची गोडी, रचनेचा आकार आणि एकूण आविष्कारही पाहतात. एका चुकलेल्या सुराने कोणी अनुत्तीर्ण होत नाही. चुकल्यावर थांबून राहण्याने मात्र ताल आणि आकार दोन्ही मोडतात. दुसरी गोष्ट अशी की, घरच्या स्वस्त कीबोर्डाला बहुधा 61 पट्ट्या असतात आणि त्या हलक्या असतात; खऱ्या पियानोला 88, आणि त्या दाबावयास जड. प्रथमच पियानोवर बसलेल्या मुलाचे सूर पुसट उमटले तर तो त्याचा दोष नव्हे. परीक्षेपूर्वी एखाद्या शाळेत किंवा चर्चमध्ये खऱ्या पियानोवर दोन वेळा हात फिरवण्याची सोय शिक्षकांनी करून द्यावी.

मुलाला भीती वाटते ती ऐकणारा आपले मोजमाप करीत आहे ह्या कल्पनेची. आपल्या परंपरेत ऐकणारा नेहमीच असा नव्हता. ज्या गोवा आणि दमण महाधर्मप्रांतात आपला प्रदेश मोडतो, तेथील धर्मग्रामांच्या शाळांतून पोर्तुगीज काळापासून मुलांना संगीत शिकवले जाई. मेस्त्र मुलांकडून आधी दो-रे-मी असे सूर गाऊन घेत, मग हाती व्हायोलिन देत. मेस्त्रांची शिस्त कडक; परंतु अनेक मुले एकत्र गात, आणि एकाचा चुकलेला सूर सर्वांच्या सुरात सामावून जाई. आपल्या शेजारच्या वारली पाड्यांवर तारपा वाजतो तेव्हा काय होते? वाळलेल्या भोपळ्याचे ते वाद्य फुंकणारा मधोमध असतो, आणि भोवती हातांत हात गुंफून सारे नाचत असतात. वाजवणाऱ्याच्या चुका मोजीत बसायला तेथे कोणी मोकळा नसतो. मिस्साच्या वेळीही असेच असावे. उपासनेत श्रद्धावंतांनी केवळ प्रेक्षक न राहता सहभागी व्हावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली सांगितले. वाजवणाऱ्या मुलामागे सारे मंदिर मोकळ्या गळ्याने गाऊ लागले, तर त्याची अर्धी भीती तेथेच ओसरेल. आपण मुकाट बसून कान टवकारतो, आणि मग मूल घाबरते म्हणून नवल करतो!

संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांनी 1609 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात, माणसाने स्वतःच्या दोषांशीही सौम्यतेने वागावे, असा उपदेश केला आहे. स्वतःवर चिडून मन सुधारत नाही. शांतपणे समजावून सुधारते, असे त्यांचे सांगणे. चुकलेला सूर म्हणजे पाप नव्हे. परंतु पापाच्या बाबतीतही पवित्र ख्रिस्तसभा आपणांस हेच शिकवते: पापनिवेदनाला जाऊन दोष प्रामाणिकपणे उघड करावा, क्षमा स्वीकारावी, आणि उठून चालू लागावे. बालपणी चुकीनंतर उठून चालू लागण्याची सवय लागली, तर ती पुढे आयुष्याच्या फार मोठ्या प्रसंगी कामास येते.

तेव्हा मातापितरहो, ज्या घरात कीबोर्डावर कापड पडले असेल, तेथे आज संध्याकाळी ते काढावे. मुलाला एकच सोपे गीत वाजवू द्यावे, आणि ते चुकेल तेथे आपण गात राहावे.