परकें अन्न व आपला डबा

हल्लीं परीक्षेचा निकाल चांगला लागला, किंवा घरांत कोणाचा वाढदिवस आला, म्हणजे आमच्या उपनगरांतील पुष्कळ कुटुंबें शहरांतील एखाद्या लहानशा इटालियन उपाहारगृहांत रात्रीच्या जेवणास जातात. अंधेरी-बोरिवलीचीं माणसें चर्चगेटची गाडी धरतात. मुलुंड-घाटकोपरचीं छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसची. कांहीं वडील मंडळी या प्रघातास नांवें ठेवितात. आम्हांस त्यांत दोष दिसत नाहीं. एरवीं निरनिराळ्या वेळीं जेवणारें कुटुंब दोन तास एका मेजाभोंवतीं बसतें, हाही लहान लाभ नव्हे. परंतु त्या जेवणाचा जो परिणाम दुसऱ्या दिवशीं शाळेंत दिसून येतो, त्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

मधल्या सुटींत डबे उघडतात. आदल्या रात्रीं पिझ्झा खाऊन आलेला मुलगा त्याचें रसभरित वर्णन करूं लागला, कीं शेजारचा मुलगा आपल्या डब्यांतील भाकरी हातानें झांकून घेतो. आमचा आक्षेप आहे तो येथें. अन्न हें मोठेपणाचें माप नव्हे. आणि पिझ्झा तर मुळींच नव्हे.

कारण पिझ्झा हें मूळचें राजेरजवाड्यांचें पक्वान्न नाहीं. तें नेपल्स शहरांतील गरीब मजुरांचें अन्न. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत ज्यांस घरीं स्वयंपाकाची सोय नव्हती अशीं माणसें तें रस्त्यावर उभ्यानें खात, आणि प्रतिष्ठित लोक त्यास नाक मुरडीत. पुढें १८८९ सालीं इटलीची राणी मार्गारीटा हिनें तें आवडीनें खाल्लें, अशी आख्यायिका सांगतात. आणि २०१७ सालीं युनेस्कोनें नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची मानवजातीच्या वारशांत नोंद केली. अन्न तेंच राहिलें. पाहणाऱ्यांची दृष्टि मात्र बदलली.

शिवाय या परक्या ताटांत सर्वच इटलीचें आहे असेंही नाहीं. टोमॅटो अमेरिका खंडांतून सोळाव्या शतकांत युरोपांत गेला. आपल्या ठेच्यांतील मिरचीही त्याच खंडांतली. ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. रिसोटो नांवाचा त्यांचा भात ज्या तांदुळाचा होतो, त्याचें मूळ आशियांत. नेपल्सच्या आसपासचें नामांकित मोझारेला चीज म्हशीच्या दुधाचें असतें. १९४९ सालीं वसलेल्या गोरेगांवच्या आरे दुग्धवसाहतींत आमच्या विद्यार्थ्यांनीं ज्या म्हशी पाहिल्या असतील, त्यांचेच हे दूरचे गोत्रज होत.

मुंबईसही हें नवें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं कोट भागांत मोंजिनी नांवाच्या इटालियन बंधूंचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय होता, व युरोपियन रहिवाशांत तो लोकप्रिय होता. पुढें तो खोराकीवाला कुटुंबाकडे आला, आणि आज तेंच नांव उपनगरांतील केकच्या दुकानांवर आमचीं मुलें रोज वाचतात. एके काळीं थोड्यांचें असलेलें आज पुष्कळांचें झालें. मग त्याचा गर्व तरी किती दिवस पुरणार?

पालकांस आमची विनंति इतकीच. अवश्य जावें, पण ऐपतीप्रमाणें जावें. ताटांत टाकूं नये. वाढणाऱ्या माणसाशीं मुलांनीं आदरानें बोलावें, हें आपण स्वतः तसें बोलून शिकवावें. पैसे देतांना बिलाचा आंकडा मुलांस दाखवावा, आणि तेवढ्या रकमेंत घरीं किती दिवसांचें धान्य येतें तेंही सांगावें.

आणि विद्यार्थ्यांनो, दुसऱ्या दिवशीं पिझ्झ्याची हकीकत जरूर सांगा. मात्र आधीं शेजाऱ्याच्या भाकरीचा एक तुकडा मागून घ्या. ती भाजण्यासाठीं त्याची आई पहांटे उठलेली असते. ज्याला मित्राच्या डब्यांतील घास आवडीनें खातां येतो, त्यालाच परदेशच्या अन्नाची खरी गोडी कळते, असें आम्हांस वाटतें.