प्रकाशावर मक्तेदारी नको

बंगळूरच्या चामराजपेट भागातील मिंटो नेत्ररुग्णालयाची इमारत १९१३ पासून उभी आहे. संस्थानी काळातील या सरकारी रुग्णालयाचा आधार आजही मुख्यतः गोरगरिबांनाच आहे. कर्करोगावरील प्रकाशोपचाराची खरी कसोटी अशाच दारांशी लागणार आहे.

या उपचाराचे तत्त्व साधे आहे. प्रकाशाने चेतणारे औषध गाठीत साठू देतात आणि मग तिच्यावर ठराविक तांबडा प्रकाश टाकतात. औषधामुळे पेशीतील प्राणवायू उग्र रूप धारण करतो व पेशी मरते. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला हे तत्त्व गवसले. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बफेलो येथे थॉमस डोहर्टी यांनी ते कर्करुग्णांपर्यंत नेले. १९९३ साली कॅनडाने अशा पहिल्या औषधास मान्यता दिली.

मात्र हा चमत्कार नव्हे. प्रकाश शरीरात जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो. त्यामुळे त्वचा, तोंड, अन्ननलिका येथील वरवरच्या गाठींनाच त्याचा उपयोग होतो. शरीरभर पसरलेला रोग त्याने बरा होत नाही. शिवाय काही औषधांनंतर रुग्णाला चार ते सहा आठवडे ऊन वर्ज्य असते. शेतमजुराला किंवा हमालाला दीड महिना ऊन टाळा असे सांगणे म्हणजे दीड महिन्याच्या मजुरीवर पाणी सोडा असे सांगणे होय. ही भरपाई कोण देणार?

औषधाच्या मालकीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. डोळ्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठींवरही वापरल्या जाणाऱ्या व्हर्टेपॉर्फिन या प्रकाशचेतित औषधाची २०२१ साली जगभर टंचाई झाली. उत्पादन मोजक्या हातांत एकवटले की रुग्णाची दृष्टी कंपनीच्या वेळापत्रकाला बांधली जाते. याउलट २०१२ साली भारतात सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी सक्तीचा परवाना दिला गेला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. हे कायद्याने साधले. कंपन्यांच्या दयाबुद्धीने नव्हे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : ही औषधे सार्वजनिक क्षेत्रात तयार व्हावीत, सरकारी रुग्णालयांत प्रकाशयंत्रे व प्रशिक्षित कर्मचारी असावेत, आणि उपचारकाळात कष्टकऱ्याला मजुरीची भरपाई मिळावी. कामगार संघटनांनी हा प्रश्न आपल्या मागणीपत्रकात घेतला पाहिजे. विज्ञान मानवजातीच्या श्रमातून उभे राहिले आहे. त्याचे फळ श्रमिकांच्या पदरात पडलेच पाहिजे!