तेराचं फॅक्टोरियल आणि माझं जर्नल

फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला सी मध्ये फॅक्टोरियलचा प्रोग्राम होता. मी 13 टाकलं, उत्तर आलं 1932053504. जर्नलमध्ये उतरवलं, सही मिळाली, विषय संपला.

आता बघा, 1 ते 13 च्या गुणाकारात 2, 5 आणि 10 आहेत. म्हणजे शेवटी दोन शून्यं हवीतच. माझ्या उत्तराच्या शेवटी 04! खरं उत्तर 6227020800. ते 32 बिटांच्या इंटमध्ये मावलं नाही, वरचे बिट गळले. उरलेली संख्या धन होती, त्यामुळे ना मला शंका आली, ना तपासणाऱ्यांना.

पुढे हॅस्केल शिकलो. तिथे फॅक्टोरियल एका ओळीत होतं, पण खरी गंमत टाइपमध्ये आहे. 'इंट' लिहिलं तर 64 बिटांच्या मशीनवर 20 पर्यंत ठीक, 21 ला थेट -4249290049419214848. 'इंटिजर' लिहिलं की 100 च्या फॅक्टोरियलचे 158 च्या 158 अंक बरोबर. संख्या लहान असेल तर साधा मशीन वर्ड वापरला जातो. मोठी झाली की जीएचसी कंपायलर सहसा 1991 पासूनच्या जीएमपी लायब्ररीकडे काम सोपवतो.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याला आधी बरोबर उत्तर शिकवा, वेग नंतर. 'इंटिजर हळू चालतो' हे मान्य. पण चुकीचं उत्तर झटपट मिळून करायचं काय?

अर्थात लायब्ररी मिळाली म्हणून डोकं गहाण टाकायचं नाही. 2 च्या दहा लाखाव्या घातात 301030 अंक येतात. शेवटचे पाचच हवे असतील तर प्रत्येक पायरीला बाकी काढत जा, एवढा डोंगर उभा करायची गरजच नाही. आणि एकदा तरी अंकांच्या लिस्टवर गुणाकार स्वतः लिहून बघा. मग कारात्सुबाने 1960 मध्ये चार गुणाकारांचं काम तिनात कसं भागवलं, याची किंमत कळेल. जीएमपी मोठ्या संख्यांना हीच युक्ती वापरते.

तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री रूममेटचं आउटपुट छापण्याआधी शेवटची शून्यं तरी मोजा. आणि सर, मॅडम, सही करण्याआधी तुम्हीही!